बटन कोण दाबतं आणि ते कोणाला दिसतं: नव्या डिझाइनरसाठी समाजशास्त्राची वाट

काही वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी ड्युटी बदलण्याचं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये होते. काम सरळ वाटत होतं. जिला ड्युटी बदलून हवी तिने विनंती टाकायची, दुसरीने 'स्वीकारा' किंवा 'नाकारा' दाबायचं, वेळापत्रक आपोआप बदलायचं. चाचणीत कोणीच अडखळलं नाही. तरी महिनाभरात ॲप ओस पडलं.

मग मी वॉर्डात जाऊन बसायला लागले. तिसऱ्या दिवशी औषधांचं कपाट उघडलं गेलं तेव्हा दाराला आतून चिकटवलेला एक कागद दिसला. नावांची आद्याक्षरं आणि त्यांच्यापुढे पेन्सिलच्या रेघा. कोणी कोणाची रात्रपाळी केली, कोणाचं कोणाकडे येणं आहे, याचा तो हिशेब होता. फिटली की रेघ खोडता यावी म्हणून पेन्सिल, आणि येताजाता मेट्रनच्या, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाच्या, नजरेस पडू नये म्हणून दाराच्या आत. एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "ॲपवर 'नाकारा' दाबलं की ते वर दिसतं. आणि जिला नाही म्हटलं तिच्याच जोडीने मला उद्या पेशंट उचलायचा असतो. तोंडी विचारलं की 'बघते गं' म्हणता येतं."

आमच्या बटनाने 'बघते गं'ची जागाच काढून घेतली होती. आम्ही स्क्रीनसमोरच्या एकट्या बाईचा विचार केला होता, आणि ती एकटी नव्हतीच. तिच्याबरोबर मेट्रन होती, उद्याची जोडीदार होती, मागच्या महिन्यात तिची रात्र निभावून नेणारी मैत्रीण होती. बटनं आपण माणसांमाणसांमधल्या नात्यात बसवत असतो, आणि नाती वाचायचं शास्त्र म्हणून समाजशास्त्र गेली शंभरेक वर्षं काम करतंय. त्यातलं रोज हाताशी धरता येईल असं जे मला सापडलं, ते इथे पायरीपायरीने मांडते. समाजशास्त्राची पदवी लागत नाही. कागद, पेन आणि बाहेर पडायची तयारी मात्र लागते.

पहिली पायरी: कागदाच्या मधोमध क्रियापद लिहा

आपल्याकडे नव्या कामाची सुरुवात बहुधा 'वापरकर्ता कोण?' या प्रश्नाने होते. मग वय, व्यवसाय, आवडीनिवडी असलेला एक काल्पनिक माणूस तयार होतो. त्याचा उपयोग आहे, पण तो माणूस हवेत तरंगतो. त्याऐवजी कागदाच्या मधोमध एक क्रियापद लिहा: 'ड्युटी बदलणं', 'पैसे मागणं', 'ठिकाण कळवणं'. मग त्याच्याभोवती माणसं मांडा. हे करतं कोण? ते कोणाच्या बाबतीत घडतं? ते कोणाला दिसतं? बिघडलं तर निस्तरतं कोण? आणि जिचं नावही आपल्या ॲपमध्ये नसेल अशी कोणती व्यक्ती यात गुंतलेली आहे?

माणसांमध्ये रेघा ओढा आणि प्रत्येक रेघेवर एकच प्रश्न लिहा: यांच्यातलं कोण कोणाला नाही म्हणू शकतं? सत्ता, वय, पैसा, उपकार हे सगळं त्या एका प्रश्नात येतं. 'ठिकाण कळवा' हे बटन दोन मित्रांमध्ये एक गोष्ट असते, मालक आणि कामगार यांच्यात दुसरी, नवराबायकोत तिसरी. स्क्रीन तिघांनाही एकच दिसते.

सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये 'खासगी अडचण' आणि 'सार्वजनिक प्रश्न' असा फरक मांडला. एका माणसाची नोकरी गेली तर ती त्याची अडचण असते. शहरातल्या हजारोंची गेली तर कारण त्या माणसांमध्ये शोधून सापडत नाही. आपल्या तक्रारपेटीलाही हे लागू पडतं. 'वापरकर्त्याला समजलं नाही' असा शेरा मारलेल्या तक्रारी एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. त्या सगळ्या रात्री काम करणाऱ्यांच्या असतील, किंवा दुसऱ्याचा फोन वापरणाऱ्यांच्या असतील, तर न समजण्याचा दोष त्यांच्याकडे नाही.

दुसरी पायरी: जाऊन बसा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं राहतं.

१९८० च्या दशकात ल्यूसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात काम करत होती. फोटोकॉपी यंत्र लोकांना अवघड का जातं, हे तिला पाहायचं होतं. तिने नवख्या माणसांना जोडीजोडीने यंत्रासमोर बसवलं आणि त्यांचं चित्रीकरण केलं. जोडीने बसवण्यात मोठी युक्ती आहे. एकटा माणूस मनातल्या मनात गोंधळतो, दोघं असली की गोंधळ बोलून दाखवतात. तिच्या निष्कर्षाचं सार असं: माणूस आधी योजना आखून ती पायरीपायरीने पार पाडत नाही. समोर जे घडतं त्याला धरून तो पुढचं पाऊल टाकतो. यंत्राला मात्र दाबलेली बटनंच कळतात. त्या दोघांचं बोलणं, थबकणं, एकमेकांकडे पाहणं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिने नोंदी चार रकान्यांत लावल्या, आणि ही पद्धत आजही जशीच्या तशी वापरता येते. पहिल्या रकान्यात माणसाने केलेलं, पण यंत्राला न कळलेलं. दुसऱ्यात माणसाने केलेलं आणि यंत्राला कळलेलं. तिसऱ्यात यंत्राने केलेलं आणि माणसाला दिसलेलं. चौथ्यात यंत्र तसं का वागलं, म्हणजे डिझाइनमागचा हेतू. एका कागदाला तीन घड्या घालून रेघा मारा आणि अर्ध्या तासाचं निरीक्षण त्यात भरा. पहिला रकाना भरभरून वाहील. आपले आकडेवारीचे तक्ते सगळे दुसऱ्या रकान्यातून येतात, म्हणून त्यात मूळ कारण बहुतेक वेळा सापडत नाही.

आता बसायचं कसं, ते सांगते. काम चालतं तिथे जा, माणसांना आपल्या ऑफिसात बोलावू नका. गर्दीची वेळ आणि निवांत वेळ, दोन्ही पाहा. ड्युटी संपताना जे दिसतं ते सुरू होताना दिसत नाही. 'तुम्ही साधारण काय करता?' असं विचारलं की लोक नियम सांगतात. 'शेवटचं कधी असं झालं? तेव्हा काय केलंत?' असं विचारलं की घडलेलं सांगतात. टेबलावरच्या चिठ्ठ्या, खणातल्या वह्या, हातावर लिहिलेले नंबर, एकमेकांना पाठवलेले स्क्रीनशॉट, सगळं टिपा. तुमचं प्रॉडक्ट जिथे अपुरं पडतं, तिथे लोकांनी स्वतःच केलेली ती डागडुजी असते. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली दिसली की सुरक्षेवर भाषण देऊ नका. ते खातं किती जण वापरतात, तेवढं विचारा.

आणखी एक, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. जे दिसेल ते सगळं वर सांगायचं नसतं. कपाटाच्या आतल्या कागदाचा फोटो मी काढला नाही आणि अहवालातही तो टाकला नाही. परिचारिकांना विचारलं. काय लिहू आणि काय नको, हे त्यांनी सांगितलं. लोकांनी तुम्हाला आतलं पाहू दिलं ते विश्वासाने. त्या विश्वासाचं फीचर करून त्यांच्या साहेबांना विकलं, तर ते काम देखरेखीचं होतं, त्याला संशोधन म्हणू नये.

तिसरी पायरी: कोणाच्या नजरेसमोर काय येतं, ते ठरवा

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर राहून अभ्यास केला. तिथल्या एका छोट्या हॉटेलातलं स्वयंपाकघराचं दार त्याने नोंदवून ठेवलंय. ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या मुलींना ते दार उघडं हवं असायचं. मालकांना ते बंद हवं असायचं, कारण स्वयंपाकघरातलं वागणं पाहुण्यांना दिसलं तर बाहेर जपलेला रुबाब टिकणार नाही. दिवसभर ते दार रागाने आपटलं जायचं आणि रागाने ढकललं जायचं. दारात छोटी काच बसवली असती तर बरं झालं असतं, असं गॉफमन म्हणतो.

नव्या डिझाइनरला मी हे दार नेहमी दाखवते. माणूस समोरच्यांपुढे एक वागतो आणि आत, आपल्या माणसांत, दुसरं. दोन्ही वागणी खरीच असतात. त्यांच्यामधलं दार कसं असावं, हाच डिझाइनचा प्रश्न आहे.

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचालींची एकत्र यादी, आणलं तेव्हा वापरणाऱ्यांनी मोठा विरोध केला. त्यात नवी माहिती काहीच नव्हती. तेच सगळं आधी लोकांच्या प्रोफाइलवर जाऊन पाहता येत होतं. फरक एवढाच की आधी ते शोधत जावं लागे, आता ते सगळ्यांच्या पुढ्यात येऊन पडत होतं. काही दिवसांत कंपनीला गोपनीयतेची नियंत्रणं द्यावी लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगल बझ या जीमेलला जोडलेल्या सोशल नेटवर्कने याहून वाईट केलं. ज्यांच्याशी तुमचा ईमेल जास्त चालतो त्यांना आपोआप तुमच्या यादीत टाकलं, आणि ती यादी इतरांना दिसू शकत होती. आपण कोणाशी वारंवार लिहितो, हे डॉक्टर, वकील, पत्रकार किंवा घरातून निसटू पाहणारी बाई यांच्या बाबतीत जिवाशी येऊ शकतं. पुढच्या वर्षी ती सेवा बंद झाली.

करून पाहण्यासारखं असं: तुमच्या प्रॉडक्टमधल्या प्रत्येक कृतीपुढे चार गोष्टी लिहा. करणाऱ्याला वाटतं की हे कोण पाहतंय? प्रत्यक्षात कोण पाहतं? नंतर कोण पाहू शकेल? आणि न करणंही कोणाला दिसतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकांनी, नोव्हेंबर २०१४ पासून, नेमकं हेच केलं: उत्तर न देणं दिसू लागलं. 'अजून पाहिलं नाही' हे सोयीचं, कोणालाही न दुखावणारं खोटं रोजच्या वापरातून गेलं. नंतर ती बंद करायची सोय दिली तेव्हा मात्र कंपनीने एक शहाणी अट घातली. तुमची टिक लपवली की इतरांचीही तुम्हाला दिसत नाही. देवाणघेवाण बरोबरीची असावी, ही अपेक्षा माणसांत किती खोल असते, हे समाजशास्त्रज्ञ आल्विन गोल्डनरने १९६० मध्ये लिहिलं होतं. त्या अटीत ती अपेक्षा पाळली गेली, म्हणून ती कोणाला फारशी टोचली नाही.

चौथी पायरी: फॉर्ममधला प्रत्येक रकाना तपासा

फॉर्म हे वर्गीकरण असतं, आणि वर्गीकरण ज्याने केलं त्याचं जग त्यात उतरतं. जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांनी १९९९ मध्ये रोगांच्या याद्यांपासून वंशाच्या नोंदींपर्यंत याचा माग काढला. आपल्या क्षेत्रातलं ठळक उदाहरण ॲपलचं आहे. २०१४ मध्ये त्यांचं आरोग्याचं ॲप आलं तेव्हा त्यात आहारातल्या सूक्ष्म घटकांपर्यंतच्या नोंदी होत्या, पण मासिक पाळीची नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. कोणी मुद्दाम वगळली असेल असं मला वाटत नाही. खोलीत बसलेल्यांना ती आठवली नाही, आणि आठवून देणारं कोणी तिथे नव्हतं.

प्रत्येक रकान्याला विचारा: ही माहिती नेमक्या कुठल्या कामाला लागणार आहे? खरं उत्तर दिलं तर तोटा कोणाला होईल? दिलेल्या पर्यायांत न बसणारा माणूस इथे काय करेल? आणि 'इतर'मध्ये लोकांनी काय लिहिलंय, ते दर महिन्याला स्वतः वाचा.

नावाच्या रकान्यावर तर वेगळा लेख होईल. आडनाव नसलेली माणसं असतात, एकाच शब्दाचं नाव असलेली असतात, कागदोपत्री एक आणि लोकांत दुसरं नाव असलेली असतात. २०१४ मध्ये फेसबुकने 'खऱ्या नावा'चा नियम लावून ड्रॅग कलाकारांची, म्हणजे स्त्रीवेशात सादरीकरण करणाऱ्या आणि रंगमंचावरच्या नावाने वावरणाऱ्यांची, खाती बंद केली आणि ऑक्टोबरमध्ये माफी मागितली. एवढंच नाव स्वीकारतो असं म्हणण्याआधी, त्या नावाचं आपल्याला करायचं काय आहे, हे ठरवा.

पाचवी पायरी: आकडा दाखवण्याआधी थांबा

पसंतीचे आकडे, डाउनलोडची संख्या, 'सध्या लोकप्रिय' अशी यादी या गोष्टी आपण माहिती म्हणून लावतो. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना डाउनलोडचे आकडे दाखवलेच नाहीत. बाकीच्यांना ८ वेगळ्या 'जगांत' वाटलं, आणि प्रत्येक जगात फक्त त्याच जगातले आकडे दिसत होते. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली. गाणी तीच, माणसं तशीच, तरी वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी वर गेली. आकडे दिसत होते तिथे वरच्या आणि खालच्या गाण्यांमधली दरीही वाढली. गाणी क्रमवारीने लावली तेव्हा ती आणखी वाढली. फारच चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फारच वाईट वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांनी ठरवलं.

म्हणून आकडा लावताना तो कोणाला लवकर मिळेल आणि कोणाला कधीच मिळणार नाही, हे आधी मांडून पाहा. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडा काळ आकडा न दाखवणं किंवा क्रम फिरता ठेवणं, हे साधे उपाय आहेत. 'पण आकडा काढला तर वापर घटेल' असं टीममध्ये कोणीतरी म्हणेलच. घटेलही. तो घटलेला वापर कोणाचा आहे, ते पाहून मग ठरवा.

सहावी पायरी: हे कोण कोणाविरुद्ध वापरेल?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३६ मध्ये, हेतूपूर्वक केलेल्या कृतीचे परिणाम अनपेक्षित का निघतात, याची कारणं मांडली. अज्ञान आणि चूक ही त्यातली दोन. तिसरं कारण मला सगळ्यात ओळखीचं वाटतं: तातडीच्या फायद्याची ओढ इतकी जबर असते की पुढचं कोणी पाहतच नाही.

ॲपलचा एअरटॅग, म्हणजे वस्तूला लावायचा, ती कुठे आहे ते सांगणारा छोटा टॅग, एप्रिल २०२१ मध्ये आला. हरवलेल्या किल्ल्या सापडाव्यात हा त्याचा हेतू. कोणी तो दुसऱ्याच्या पिशवीत लपवला तर काय, याचा विचारही झाला होता. मालकापासून तीन दिवस दूर राहिला की टॅग आवाज करणार होता. पण पाळत ठेवणारा माणूस त्याच घरात राहत असेल तर? तो रोज संध्याकाळी टॅगजवळ येतो, आणि तीन दिवस कधी भरतच नाहीत. टॅग सोबत फिरतोय हा इशारा सुरुवातीला फक्त आयफोनवर येत होता. जूनमध्ये आवाज करण्याआधीचा तीन दिवसांचा अवधी ८ ते २४ तासांवर आणला, आणि अँड्रॉइडसाठीचं ॲप डिसेंबरात आलं. डिझाइनरांच्या डोळ्यांसमोर अनोळखी पाठलाग करणारा होता. ओळखीतला, घरातला माणूस नव्हता. पहिल्या पायरीतल्या रेघांवर 'कोण कोणाला नाही म्हणू शकतं' हा प्रश्न लिहायचा तो यासाठीच.

एक तास काढा आणि टीमला भूमिका वाटून द्या: रागावलेला माजी जोडीदार, संशयी वरिष्ठ, कर्ज वसूल करणारा, वर्गातला दांडगट मुलगा. प्रत्येकाने हेच फीचर घेऊन दुसऱ्याला त्रास द्यायचा. पहिल्या दहा मिनिटांत लोक हसतात, नंतर खोली गप्प होते.

काम कोणाच्या अंगावर पडतं, हेही याच बैठकीत पाहा. इतिहासकार रुथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की घरकामाची यंत्रं आली तरी गृहिणीचे तास फारसे कमी झाले नाहीत. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि आधी घराबाहेर जाणारं किंवा इतरांकडून होणारं काम तिच्या एकटीवर आलं. तुमचं ॲप 'वेळ वाचवतं' म्हणताना कोणाचा वेळ, आणि तो कोणाच्या माथी गेला, ते लिहा.

कधीकधी उपाय म्हणजे थोडी अडचण उभी करणं. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१९ मध्ये जगभर एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच फार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. कोणाचंही तोंड बंद केलं नाही, फक्त हात जरा जड केला.

सातवी पायरी: टीमपुढे मांडताना

इथे थोडक्यात सांगते. सिद्धांतांची नावं घेऊ नका, प्रसंग सांगा. निदान एका प्रोग्रॅमरला निरीक्षणाला सोबत न्या. त्याने स्वतः पाहिलेलं तुमच्या वीस स्लाइडना भारी पडतं. आणि प्रत्येक सूचना एकाच साच्यात लिहा: 'हे फीचर अमुककडून अमुक काढून घेतं आणि तमुकला देतं.' हे वाक्य पूर्ण करता येत नसेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

त्या ड्युटीच्या ॲपमध्ये आम्ही नंतर 'नाकारा' हे बटन काढून टाकलं. विनंतीची वेळ उलटली की ती आपोआप, गुपचूप नाहीशी होते. कोणी पाहिली, कोणी नाही, हे कोणालाच कळत नाही. दोघींचं ठरलं की मगच ते मेट्रनपर्यंत जातं. देण्याघेण्याचा हिशेब ॲपमध्ये आणायचा का, यावर बरीच चर्चा झाली. परिचारिकांनी नको म्हटलं, आम्ही आणला नाही. मी शेवटची गेले तेव्हा कपाटाच्या आत नवा कागद लागला होता आणि पेन्सिल दोऱ्याने दाराला बांधलेली होती.